प्रेमकथा आणि एआय: वाचकाला काय काय सांगायचं?

निशिगंधा_पेडणे

नमस्कार मंडळी. इथल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे की मी प्रेमकथा लिहिते. सध्या एका कथांच्या अ‍ॅपवर माझी मालिका चालू आहे. परवा एका भागाखाली नेहमीच्या वाचक ताईंनी विचारलं, "हे तुम्हीच लिहिता ना? एआयकडून नाही ना?" त्यांच्या विचारण्यात राग नव्हता. पण त्याखाली आणखी बऱ्याच जणींनी 'आम्हालाही जाणून घ्यायचंय' असं लिहिलं.

कथा मी लिहिते, अगदी एकेक वाक्य. पण शुद्धलेखन तपासायला जे वापरते ते आता एआयवर चालतं. मुखपृष्ठाचं चित्र अ‍ॅपमध्येच तयार होऊन मिळतं, तेही यंत्राचं. आणि हल्ली प्रत्येक भागाखाली 'ऐका' असं बटण आलंय, तो आवाजही कुणा बाईचा नाही. मग नुसतं 'हो, मीच लिहिते' म्हटलं की वाचकाला सगळं सांगून झालं का?

माझं मत आधीच मांडते. प्रेमकथेचा साचा ठरलेला असतो, त्यामुळे ती कुणीही लिहिली तरी काय बिघडलं, असं पुष्कळ जण म्हणतात. मला नेमकं उलटं वाटतं. शेवटी दोघं एकत्र येणार हे वाचणारीला पहिल्या पानावरच माहीत असतं. म्हणजे ती शेवट कळावा म्हणून वाचतच नाही. तिचा सगळा भरवसा मधल्या वाटेवर आणि ती वाट दाखवणाऱ्या बाईवर असतो. तो भरवसा राखायचा तर काय सांगायला हवं? वाचणारे आणि लिहिणारे, दोघांनीही सांगा.

डिचोलीकर_दत्ता

मला काही फरक पडत नाही. कथा रंगली की झालं.

शुभा_फोंडा

दत्ता, मला पडतो. आणि कथा रंगत नाही म्हणूनच पडतो.

मी फोंडा-पणजी बसमध्ये रोज वाचते. गोव्यात घडणारी एक मराठी मालिका मध्यंतरी हाती लागली. रोज दोन दोन भाग यायचे. नायक ट्रॉलरमालक. भर जुलैत तो ट्रॉलर घेऊन समुद्रात जातो आणि नायिकेच्या घरी ताजा इसवण घेऊन येतो. अहो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ट्रॉलर धक्क्याला बांधलेले असतात, हे गोव्यातल्या पोराटोरांना माहीत आहे. पुढे दोघं त्याच महिन्यात रात्री समुद्रात पोहतात. किनाऱ्यावर लाल बावटे, लाटा माणसाला ओढून नेतील अशा, आणि ही दोघं चांदण्यात! जुलैत चांदणं?

तेही सोडलं असतं. चवथीचा भाग आला तेव्हा मात्र मी वाचणं थांबवलं. नायिका फोंड्याची, घर मोठं, एकत्र कुटुंब, आणि चवथीच्या वर्णनात माटोळीचा (गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या छताचा) पत्ता नाही! फुलांच्या माळा, दिव्यांची रोषणाई, मोदक, बस्स. आमच्या घरी चवथीच्या आधी माटोळीचं सामान जमवताना बाजारात जी झुंबड असते, रानातली फळं कुणी कुठून आणली यावर जी चर्चा रंगते, त्यात दोन तरुण माणसांची ओळख व्हायला कितीतरी जागा आहे. लिहिणारीने ते घर पाहिलेलं असतं तर प्रेमकथा तिथेच सुरू झाली असती.

हे माणसाने लिहिलं की यंत्राने, मला सिद्ध करता येणार नाही. पण मी अ‍ॅपवरची नाणी विकत घेऊन भाग उघडत होते. मला आधी सांगितलं असतं तर घेतली नसती.

रोझी_साळगाव

आणि त्या मालिकेत ख्रिस्ती माणूस असेल तर तो डिसोझा असणार आणि त्याच्या हातात गिटार असणार. 🙂 आमच्या घरी कुणालाच गिटार वाजवता येत नाही. माझे मामा भजनाला पेटी वाजवायचे.

डिचोलीकर_दत्ता

शुभाताई, माटोळीचं पटलं. पण पुण्या-मुंबईचे लेखकही गोव्यावर असंच लिहीत आलेत. तेव्हा एआय कुठे होतं?

शुभा_फोंडा

होतं ना असं लिखाण. पण त्या लेखकाला पत्र पाठवून 'हे चुकलं' म्हणून सांगता यायचं, आणि काही जण पुढच्या आवृत्तीत सुधारायचेही. इथे मी कुणाला पत्र पाठवू?

वाचनालय_सत्तरी

मी गावातलं वाचनालय सांभाळतो. मागणीत प्रेमकथा कायम वरच्या नंबरावर. बायका पुस्तक परत करताना शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक खूण करतात, कुणी नावातलं पहिलं अक्षर, कुणी चांदणी. आपण हे वाचलंय हे पुढे लक्षात यावं म्हणून. काही पुस्तकांवर इतक्या खुणा आहेत की नवी करायला जागा नाही. याच बायका येऊन सांगतात, "या बाईंनी मागच्या कादंबरीतली सासू इथे पुन्हा घातलीय." साचा आवडणाऱ्या वाचकाचं लक्ष नसतं असं म्हणणाऱ्याने एक दिवस माझ्या टेबलाशी बसावं. साचा पाठ असतो म्हणूनच त्यातला बारीकसा फरकही त्यांना दिसतो.

आता थोडं मागचं सांगतो, कारण एआय आणि प्रेमकथांचं नातं आजकालचं नाही.

२०१५ मध्ये टोरोंटो विद्यापीठ आणि एमआयटीच्या संशोधकांनी स्मॅशवर्ड्स या संकेतस्थळावरून फुकट उपलब्ध असलेली अकरा हजारांवर इंग्रजी पुस्तकं गोळा केली. संगणकाला भाषा शिकवण्यासाठी. 'बुककॉर्पस' म्हणतात त्या संग्रहाला. त्यात सगळ्यांत मोठा गट कुठला? प्रेमकथांचा, २,८६५ पुस्तकं. बहुतेक लेखक स्वतःच पुस्तक काढणारे, वाचक मिळावा म्हणून पहिली कादंबरी फुकट ठेवणारे. त्यांना कुणी विचारलं नाही. गूगलने २०१६ मध्ये आपल्या यंत्राची वाक्यं जरा माणसासारखी व्हावीत म्हणून हाच संग्रह वापरला. २०१८ मध्ये ओपनएआयचं (चॅटजीपीटीवाल्या कंपनीचं) पहिलं जीपीटीही यावरच शिकलं.

म्हणजे यंत्र बोलायला शिकलं त्यात ज्यांना साहित्याच्या चर्चेत कुणी जागा देत नाही अशा बायकांचा वाटा मोठा आहे. आता तेच यंत्र त्यांच्या शेजारी दुकान मांडून बसलंय. त्या चिडल्या असतील तर मला त्यांचा राग समजतो.

निशिगंधा_पेडणे

दादा, हे मला माहीत नव्हतं. वाचून बराच वेळ तशीच बसले होते.

सागर_वेर्णा

मी दुसऱ्या बाजूचा. बोलतो.

मी वेर्ण्याला कारखान्यात शिफ्टवर काम करतो आणि प्रेमकथा लिहितो, एआयच्या मदतीने. लपवत नाही. कथानक माझं, पात्रं माझी, कुठल्या प्रसंगानंतर कुठला हे माझं. पहिला खर्डा यंत्र काढून देतं. मग मी तो मोडतो, संवाद स्वतः लिहितो, अर्ध्याहून जास्त फेकून देतो. रात्रपाळी करून आल्यावर कोऱ्या पानाशी बसायचं त्राण नसतं. समोर काहीतरी असलं की हात चालतो. अ‍ॅपवर रोज भाग पडला नाही तर मालिका यादीत खाली जाते आणि महिन्याची कमाई निम्मी होते. ज्यांच्याकडे दुपारचे निवांत तीन तास आहेत त्यांनी मला प्रामाणिकपणा शिकवू नये.

मला वाचक आहेत. ते रडतात, भांडतात, पुढच्या भागासाठी निरोप पाठवतात. त्यांचं रडणं खोटं आहे का?

निशिगंधा_पेडणे

रडणं खरंच आहे सागर. आणि दुपारचे निवांत तीन तास माझ्याकडेही नाहीत. सासऱ्यांचं पथ्यपाणी, मुलांची शाळा, मग रात्री साडेदहानंतर मी लिहायला बसते. तुम्ही यंत्र वापरता यावर माझा आक्षेप नाही. माझा प्रश्न एवढाच: त्या रडणाऱ्या वाचकांना हे माहीत आहे का?

सागर_वेर्णा

अ‍ॅपवर सांगायला जागाच नाही. कुणी विचारलं तर सांगतो.

तंत्रवेडा_वास्को

इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. अ‍ॅमेझॉनच्या केडीपीने, म्हणजे स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करण्याच्या सोयीने, सप्टेंबर २०२३ मध्ये नियम केला. मजकूर, चित्र किंवा अनुवाद यंत्राने तयार केला असेल, तर तुम्ही नंतर त्यात कितीही बदल करा, तो 'एआयनिर्मित' आणि तसं अ‍ॅमेझॉनला कळवणं बंधनकारक. तुम्ही स्वतः लिहिलं आणि तपासायला, सुधारायला, कल्पना सुचायला यंत्र वापरलं तर तो 'एआयच्या साहाय्याने', कळवायची गरज नाही. त्या हिशोबाने सागर पहिल्या गटात, निशिगंधाताई दुसऱ्या गटात. त्यांचं मुखपृष्ठ मात्र पहिल्याच गटात.

मेख अशी की हे कळवायचं फक्त अ‍ॅमेझॉनला. पुस्तकाच्या पानावर वाचकाला काहीच दिसत नाही. त्याच सुमारास एका खात्यावरून दिवसाला तीनच नवी पुस्तकं चढवता येतील अशी मर्यादा त्यांनी घातली. दिवसाला तीन! यावरून पूर केवढा आला असेल ते समजा.

अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून आहेत, त्यामुळे हे नियम मराठीत लिहिणाऱ्यांनाही लागू आहेत.

मांडवीकाठ

दिवसाला तीन कादंबऱ्या लिहिणाऱ्याला नायिकेचं नाव तरी आठवत असेल का?

शुभा_फोंडा

नायिकेचं नाव सोडा, काढून टाकायचा मजकूरही राहून जातो. २०२५ मध्ये इंग्रजी प्रेमकथांच्या वाचकांनी काही पुस्तकांत यंत्राशी झालेलं बोलणं जसंच्या तसं छापलेलं पकडलं. एका ठिकाणी तर हा उतारा अमुक लेखिकेच्या शैलीशी जुळेल असा बदलला आहे, असं यंत्राने लिहिलेलं राहून गेलं होतं. भर प्रसंगात! ती अमुक लेखिकाही प्रेमकथाच लिहिणारी, जिवंत, तिचीही पुस्तकं बाजारात. माझा विश्वास तिथे उडाला. वेळ वाचवायला खर्डा काढून घेणं एक वेळ समजू शकते. दुसरीची शैली नाव घेऊन मागायची, हे मला चोरीच्या फार जवळचं वाटतं.

सागर_वेर्णा

तिथे मी तुमच्याच बाजूचा आहे. मी कुणाचं नाव घालून लिहून घेत नाही.

रंगकर्मी_केपे

निशिगंधाताईंनी त्या 'ऐका' बटणाचा उल्लेख केला आणि पुढे कुणी त्यावर बोललं नाही. मी बोलतो, कारण माझं पोट काही अंशी त्यावर आहे.

कला अकादमीच्या नाट्यस्पर्धांत काम करत करत मी मोठा झालो. पुढे श्राव्य पुस्तकं वाचायची कामं मिळू लागली, त्यात प्रेमकथाच जास्त. प्रेमकथा वाचणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा भांडणानंतरचा पहिला संवाद वाचून पाहावा. नायिका 'जेवलास?' म्हणते. त्यात राग उरलाय किती, गेलाय किती, हे पानावर लिहिलेलं नसतं. लेखिकेला फोन करून विचारायचं, तीही थोडी थांबून सांगते, मग तीन वेळा वाचून एक ठेवायचा.

अ‍ॅपलने जानेवारी २०२३ मध्ये यंत्राच्या आवाजातली पुस्तकं आणली. पहिल्या आवाजांपैकी दोन खास ललित आणि प्रेमकथांसाठी होते. कारण उघड आहे. प्रेमकथा संख्येने प्रचंड, लेखिका बहुतेक स्वतःच प्रकाशक, वाचणाऱ्याचं मानधन एकेका पुस्तकाला परवडत नाही. जिथे पुस्तकं खूप आणि पैसा थोडा, तिथे यंत्र आधी शिरतं. मराठीत मानधन मुळातच एवढंसं, की आमच्याकडे ते किती लवकर येईल ते सांगायला नको. आलंच आहे.

अनिकेत_काणकोण

रंगकर्मीदादा, तुमचं सगळं मान्य. तरी एक सांगतो.

माझ्या आईला काचबिंदू झाला आणि दृष्टी गेली. ती आयुष्यभर वाचनालयाची सभासद. आता ती फोनवर यंत्राच्या आवाजात कादंबऱ्या ऐकते. तो आवाज 'जेवलास?' सपाट म्हणतो हे खरं आहे. पण १९६०-७० सालच्या ज्या कादंबऱ्या तिला पुन्हा ऐकायच्या असतात त्या माणूस बसवून कुठला प्रकाशक वाचून घेणार आहे? कुणीही नाही. ती स्वतःच त्यात राग भरते. मध्येच म्हणते, "ती आता रुसलीय, याला कळत नाही." तिला हे मिळू नये असं मी म्हणू शकत नाही.

रंगकर्मी_केपे

अनिकेत, आईंकडून ते काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांना हवी असलेली एखादी कादंबरी कळवा, मी वाचून पाठवतो. मनापासून सांगतोय.

माझं म्हणणं नव्या पुस्तकांपुरतं. जिथे माणसाला विचारणं शक्य आहे तिथे आधी माणसाला विचारा. आणि यंत्राचा आवाज असेल तर ऐकायच्या आधी तसं सांगा.

वकील_मडगाव

अनिकेत, तुमच्या आईंच्या बाबतीत कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये तशी तरतूद आली: अपंग व्यक्तीला वाचता-ऐकता येईल अशा रूपात पुस्तक तयार करणं हा हक्कभंग नाही. अंधांसाठीच्या माराकेश करारावर सर्वांत आधी, २०१४ मध्ये, शिक्कामोर्तब करणारा देश भारतच.

बाकीचं कायदेशीर चित्र, कामाच्या वेळेत चोरून लिहितेय म्हणून थोडक्यात.

यंत्राने लिहिलेल्या कथेचा मालक कोण? अमेरिकेत निव्वळ यंत्रनिर्मित मजकुराला कॉपीराइट मिळत नाही, लेखक माणूसच हवा. तिथल्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तेच सांगितलं. आपल्या १९५७ च्या कायद्यात १९९४ पासून एक ओळ आहे: संगणकाने निर्माण झालेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती कृती निर्माण व्हायला कारण झालेली व्यक्ती. ही ओळ लिहिली तेव्हा आजचं एआय कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्यामुळे सागर, तुमच्या मालिकेची कुणी नक्कल केली तर अमेरिकेत तुमची बाजू लंगडी पडेल. इथे तुम्हाला वाद घालता येईल. तुम्ही काय मोडलं, काय बदललं याचे खर्डे जपून ठेवा.

आता पुस्तकं न विचारता वापरण्याबद्दल. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने चोरट्या संकेतस्थळांवरून लाखो पुस्तकं उतरवून घेतली म्हणून लेखकांनी अमेरिकेत दावा लावला. न्यायाधीशांनी जून २०२५ मध्ये निकाल दिला: पुस्तकांवर यंत्राला शिकवणं 'वाजवी वापर', म्हणजे परवानगीशिवाय चालेल असा, पण चोरीच्या प्रती जमवून ठेवणं नाही. मग १५० कोटी डॉलरची तडजोड झाली, सुमारे ४ लाख ८२ हजार पुस्तकांसाठी, पुस्तकामागे जवळपास ३,००० डॉलर. पण त्यात पुस्तक अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात वेळेत नोंदलेलं असण्याची अट होती. आपल्यापैकी कुणाचं पुस्तक तिथे नोंदलेलं आहे? म्हणजे मराठी लेखकाच्या हाती यातलं काही लागत नाही.

मांडवीकाठ

मग आपल्याकडे काय चाललंय?

वकील_मडगाव

नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय वृत्तसंस्था ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. भारतीय प्रकाशकांचा महासंघही त्यात उतरला. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने एक मसुदा मांडला: कंपन्यांना कायदेशीररीत्या मिळालेलं सगळं साहित्य वापरायची सरसकट मुभा, बदल्यात कमाईतून लेखकांना मानधन. लेखकाला 'माझं नको' म्हणायची सोय त्यात नाही. मला ते खटकतं. मानधन वाटणार कोण, अ‍ॅपवर लिहिणाऱ्या बाईचं नाव त्या यादीत येणार कसं?

तुलना म्हणून सांगते. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०२४ मध्ये एआयला शिकवायला पुस्तकं देण्याचा मायक्रोसॉफ्टशी करार केला तेव्हा लेखकांना विचारलं होतं. पुस्तकामागे ५,००० डॉलर, निम्मे लेखकाला, मुदत तीन वर्षं, नको असेल तर नकार. काहींनी नकार दिलाही. रक्कम थोडी की फार यावर वाद आहे, पण निदान विचारलं. तो करार होता मात्र माहितीपर पुस्तकांसाठी.

दिवाळीअंकवाला

मी एका दिवाळी अंकाचं संपादन करतो, छोटा अंक आहे. अमेरिकेतल्या क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या मासिकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्राच्या कथांचा लोंढा आला म्हणून काही काळ कथा स्वीकारणंच थांबवलं होतं. तेव्हा वाटलं, आपल्याकडे कुठे असं होणार. आता प्रेमकथा मागवल्या की एकाच चालीची वाक्यं असलेल्या कथा येतात. तिच्या डोळ्यांत अनामिक ओढ, मातीचा सुगंध, आणि शेवटी दोघं पावसात हात धरून नव्या प्रवासाला निघतात. नाव-गाव बदललेलं, बाकी तेच. वाचून उबग येतो. त्यातून नवखी, खरी लेखिका निसटेल की काय ही धास्ती मला जास्त आहे.

जुई_शाळकरी

काका, तीच धास्ती मलाही आहे, पण उलट बाजूने. मी बारावीत आहे. मी लिहिलेली कथा एका स्पर्धेतून बाद झाली. परीक्षकांनी ती कुठल्यातरी तपासणी साधनात घातली आणि 'एआय ८० टक्के' आलं म्हणे. मी वहीत लिहिली होती, वही दाखवते म्हटलं, कुणी पाहिली नाही. माझ्या कथेतही पाऊस होता. पेडण्यात जून महिन्यात दुसरं काय असणार?

तंत्रवेडा_वास्को

जुई, या साधनांवर विसंबू नये हे त्या परीक्षकांना कुणीतरी सांगायला हवं होतं. ओपनएआयने स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध अशा साधनांत घालून पाहिले. निम्म्याहून जास्त निबंध 'यंत्राचे' ठरले, सगळे माणसांनी लिहिलेले असून. साधी, नेटकी वाक्यं लिहिणारा पकडला जातो. इंग्रजीत ही तऱ्हा. मराठीबद्दल या साधनांचा शब्द मी एक क्षणही मानणार नाही.

वाचनालय_सत्तरी

जुई, वहीची पानं घेऊन वाचनालयात ये. आम्ही महिन्याच्या शेवटच्या रविवारी कथा वाचतो. तू वाच, मी मंडळी जमवतो.

रोझी_साळगाव

मीपण येणार. आणि जुई, पाऊस अजिबात काढू नकोस.

डिचोलीकर_दत्ता

इतकं वाचल्यावर माझ्या पहिल्या ओळीत थोडी भर घालतो. कथा रंगली की झालं, हे अजूनही म्हणतो. पण सागर आणि जुई दोघांवर एकच संशय घेतला जातोय, आणि तो संशय दूर करायचा मार्ग फक्त लिहिणाऱ्याच्या हातात आहे. तो स्वतःहून बोलला नाही तर नुकसान जुईचं होतं. म्हणून सांगावं.

सागर_वेर्णा

सांगितलं की वाचक जातात दत्ताभाऊ. 'एआय' एवढं वाचलं की पुढचं कुणी वाचत नाही. मी अर्धा खर्डा फेकतो, संवाद स्वतः लिहितो, ते कुणी विचारात घेत नाही. शिक्का एकच. दिवसाला तीन पुस्तकं चढवणारा आणि मी एका माळेत.

शुभा_फोंडा

म्हणूनच नुसतं 'एआय वापरलं' असं लिहू नका. काय केलं ते लिहा. कथानक कुणाचं, खर्डा कुणाचा, संवाद कुणाचे, चित्र कुणाचं, आवाज कुणाचा. तुमच्या संवादांसाठी मी थांबेन कदाचित. खरंच सांगते, रात्रपाळीवरून येऊन लिहिणाऱ्या माणसाने वेर्ण्याच्या कारखान्यातली प्रेमकथा लिहिली तर मला ती वाचायची आहे. कंपनीच्या बसमध्ये कोण कुणाशेजारी बसतं, कँटीनमध्ये शिफ्ट बदलताना दोघं दहा मिनिटांसाठी भेटतात, हे यंत्राला कुठून कळणार? ते तुम्ही पाहिलंय.

सागर_वेर्णा

माझ्या मालिकेचा नायक मुंबईतला उद्योगपती आहे. कारखान्याचं कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं.

मांडवीकाठ

खडूस उद्योगपती, करारावर लग्न, आणि नायिका त्याचीच सेक्रेटरी. बरोबर ना? माझी बहीण असल्या पाच मालिका एकाच वेळी वाचते आणि त्यातल्या कुणाचा कुणाशी घोळ करत नाही. मानलं तिला.

रंगकर्मी_केपे

अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेने जानेवारी २०२५ पासून 'माणसाने लिहिलेलं' असं प्रमाणचिन्ह सुरू केलंय. लेखकाने नोंद करायची आणि पुस्तकावर ते छापायचं. शुद्धलेखन तपासण्यासारख्या किरकोळ वापराला त्यात मुभा आहे. मराठीत असं कुणी करावं असं मला फार वाटतं. गोव्यात मराठीच्या एवढ्या संस्था आहेत, साहित्य संमेलनं होतात, एका ठरावाला किती वेळ लागतो?

वकील_मडगाव

ठरावाला वेळ लागत नाही, पण खोटं चिन्ह लावणाऱ्याला पकडायचं कसं याचं उत्तर आधी हवं. तोवर लेखकाची स्वतःची सही असलेलं निवेदन बरं. त्यात खोटं निघालं तर निदान कुणी काय म्हटलं होतं याची नोंद राहते.

निशिगंधा_पेडणे

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. मी माझं निवेदन तयार केलंय, बघा:

'ही कथा, तिची पात्रं आणि संवाद मी स्वतः लिहिले आहेत. शुद्धलेखन तपासायला एआय वापरलं आहे. वाक्यरचना त्याने बदललेली नाही. मुखपृष्ठाचं चित्र आणि "ऐका" मधला आवाज यंत्राचा आहे. पुढच्या मालिकेपासून चित्र माणसाकडून काढून घेईन.'

शेवटचं वाक्य काल रात्री घातलं. म्हापशाची एक मुलगी चांगली चित्रं काढते, तिच्याशी बोलले. तिने सांगितलेली रक्कम माझ्या एका महिन्याच्या कमाईएवढी आहे. देणार आहे. न विचारता घेतलेल्या त्या २,८६५ पुस्तकांबद्दल वाचल्यानंतर मला फुकटचं चित्र लावून बसवेना.

शुभा_फोंडा

उत्तम. एवढं स्पष्ट सांगितल्यावर आवाज यंत्राचा आहे म्हणून मी काही मालिका सोडणार नाही. ऐकणार मात्र नाही, वाचेन.

रंगकर्मी_केपे

निशिगंधाताई, पहिला आणि शेवटचा भाग मी वाचून देतो. मानधनाचं नंतर बघू. पण बघू नक्की, फुकट नाही.

निशिगंधा_पेडणे

फुकट मागणारही नाही दादा. फोन करते.

सागर_वेर्णा

मीपण लिहून पाहिलं. 'कथानक, पात्रं आणि संवाद माझे. वर्णनाचा पहिला खर्डा एआयने काढलेला, मी बदललेला. कुठल्याही लेखकाचं नाव देऊन लिहून घेतलेलं नाही.' चालू मालिका मध्यावर आहे. आता अचानक हे टाकलं तर काही वाचक जातील, ते मी धरून चाललोय. एकच विचारायचं आहे: हे मालिकेच्या परिचयात टाकू की प्रत्येक भागाच्या सुरुवातीला?

शुभा_फोंडा

प्रत्येक भागाच्या. परिचय कुणी उघडत नाही. आणि नाणी मागायच्या आधी दिसेल असं टाका.